धनगरवाड्याचा वनहक्क दावा कसा करायचा: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला हे तालुके आहेत आणि त्यांच्या डोंगरमाथ्यांवर, सड्यांच्या (माथ्यावरच्या सपाट पठारांच्या) कडेला म्हशी पाळणाऱ्या गवळी धनगरांचे वाडे आहेत. कुठे पाच घरं, कुठे पंधरा. वाड्यावर रस्ता मागितला की उत्तर येतं, ‘जागा फॉरेस्टची आहे.’ घरकुलाचा अर्ज केला की विचारतात, ‘सातबारा कुठाय?’ ज्या जागेवर पणजोबांनी बांध घातला, त्याच जागेवर नातवाला अतिक्रमणाची नोटीस येते.

मी अशाच एका वाड्यावर वाढले. म्हशी, नाचणी, आणि पावसाळ्यात चार महिने धुकं. शिकायला कोल्हापूरला आले आणि गेली काही वर्षं वाड्यावाड्यांवर वनहक्काचे दावे भरायला मदत करते. आता वाड्यांवरची शिकलेली पोरं-पोरी भेटतात आणि विचारतात, ‘आमच्या वाड्याचं करायचंय, सुरुवात कुठनं करू?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका

पहिल्या बैठकीत हमखास कुणीतरी म्हणतं, ‘आपण आदिवासी न्हाई, मग ह्यो कायदा आपला कसा?’ कायद्याचं पूर्ण नाव त्यांना मोठ्याने वाचून दाखवा: अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६. नावातच दोन समूह आहेत. महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमाती (क) मध्ये येतो. अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी हा वेगळा विषय आहे आणि त्याचा निकाल लागेपर्यंत दावा अडवून ठेवायचं काहीही कारण नाही. आपण ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करतो. त्याला जमातीचा दाखला लागत नाही.

मात्र आपल्याला एक जास्तीची अट आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी किमान तीन पिढ्या जंगलात राहणं आणि पोटापाण्यासाठी जंगलावर अवलंबून असणं सिद्ध करावं लागतं. कायद्यात एक पिढी म्हणजे २५ वर्षं, म्हणजे एकूण ७५. हिशेब केला तर आपलं कूळ १३ डिसेंबर १९३० च्या आधीपासून या भागात होतं हे दाखवायचं आहे. वाड्यावर एखादं कुटुंब अनुसूचित जमातीचं असेल तर त्यांना ७५ वर्षांची अट नाही, त्यांचा अर्ज त्याप्रमाणे वेगळा भरा.

इथे बरेच जण गोंधळतात, आणि कधी कधी साहेब लोकही. ७५ वर्षांची अट त्या भागातल्या वास्तव्याला आणि जंगलावरच्या अवलंबनाला आहे. जो विशिष्ट तुकडा तुम्ही कसता, तो ७५ वर्षं ताब्यात होता असं सिद्ध करावं लागत नाही. तो १३ डिसेंबर २००५ पूर्वी ताब्यात असला आणि आजही असला की पुरे. दोन तारखा, दोन वेगळे पुरावे. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कागद मिळाला की काय होतं

वाड्यावरच्या माणसांना खोटी आशा लावू नका. वनहक्काचा पट्टा, म्हणजे हक्क मिळाल्याचा कागद, विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. तो वारसाने पुढे जातो. मर्यादा जास्तीत जास्त ४ हेक्टर, म्हणजे साधारण १० एकर, आणि तीही प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढ्याचीच. जमीन विकता येत नाही हे ऐकून काही जण नाराज होतात. मला मात्र ती या कायद्यातली मोठी चांगली गोष्ट वाटते. डोंगरातल्या जमिनींवर शहरातल्या पैशाची नजर कशी असते ते आपण बघतोच आहोत.

आता मिळतं काय. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही त्या जागेवरून उठवता येत नाही, हे संरक्षण दावा दाखल केल्यापासूनच आहे. पट्टा मिळाल्यावर घरकुल, रोजगार हमीतली विहीर, जमीन सपाटीकरण, पीएम-किसान अशा योजनांचं दार उघडतं, कारण त्यात वनहक्कधारकांना जागा ठेवलेली आहे. आणि उद्या धरणासाठी किंवा खाणीसाठी जमीन गेली, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात वनहक्क मिळालेली व्यक्तीही ‘जमीनमालक’ या व्याख्येत येते. आपल्या जिल्ह्याने धरणं पाहिली आहेत, बॉक्साइटच्या खाणी पाहिल्या आहेत, अभयारण्यातली पुनर्वसनं पाहिली आहेत. ज्याच्याकडे कागद होता त्याच्याशी भरपाईची बोलणी झाली. ज्याच्याकडे नव्हता, त्याचं नाव यादीतच आलं नाही.

पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. कायद्यातच तसं आहे. आमच्या वाड्यावर बाईचं नाव कुठल्याही जमिनीच्या कागदावर येण्याची ही पहिली वेळ होती. अर्ज भरताना बायकोचं नाव, आधारवरचं स्पेलिंग, माहेरचं नाव सगळं नीट तपासा. ‘तिचं काय, नंतर बघू’ म्हणून पुढे जाऊ नका.

पायरी पहिली: जागा खरोखर कुणाची ते बघा

अर्ज भरायच्या आधी सातबारा काढा. वाड्याचा, शेतांचा, कुरणाचा, सगळ्या गटांचा. ऑनलाइन निघतो, पण वाड्याला स्वतःचा गट नंबर बहुतेक नसतोच. म्हणून गावचा गट नकाशा घेऊन तलाठ्याकडे बसा आणि बोट ठेवून विचारा. (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण वाड्यावर अजून तलाठीच म्हणतात.)

राखीव वन, संरक्षित वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, अवर्गीकृत वन, या सगळ्या जागा कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत येतात. राधानगरी अभयारण्यात किंवा चांदोलीच्या बाजूला वाडा आहे म्हणून हक्क नाही, असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. ‘खाजगी वन’ असा शेरा असेल तर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली ती जागा सरकारकडे गेली का ते फेरफारावरून, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदीवरून, बघा.

पण जागा गायरान असेल, देवस्थान इनामाची असेल किंवा गावातल्या कुणा मालकाच्या सातबाऱ्यावर असेल, तर वनहक्काचा अर्ज तिथे लागू पडत नाही. कोल्हापूरला ही अडचण फार आहे. कितीतरी वाडे देवस्थानच्या नाहीतर खालच्या गावातल्या बड्या घरांच्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या आहेत. तिथे कूळ कायद्याचा, गावठाण विस्ताराचा किंवा वेगळाच रस्ता धरावा लागतो आणि त्यासाठी जाणता वकील लागतो. अशा वाड्यावर वनहक्काचे अर्ज भरून लोकांचं वर्ष वाया घालवू नका. अनेकदा घरं मालकीच्या जमिनीत आणि चराई जंगलात असं असतं. मग घरांचा प्रश्न वेगळा, पण चराईचा सामूहिक दावा करता येतो.

पायरी दुसरी: म्हाताऱ्या माणसांकडे बसा, आणि आजच बसा

बाकी सगळं नंतर केलं तरी चालेल. दप्तरातला कागद पुढच्या वर्षीही दप्तरात असतो. ८५ वर्षांची आज्जी पुढच्या पावसाळ्यानंतर असेलच असं नाही. वनहक्क नियमांतल्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे आणि त्यात ‘दावेदार सोडून इतर वयोवृद्धांचं लेखी निवेदन’ हा स्वतंत्र पुरावा आहे. त्यातलं ‘दावेदार सोडून’ हे फार महत्त्वाचं. माझ्या पहिल्या वाड्यावर मी सगळे जबाब त्याच वाड्यावरच्या आज्यांचे घेतले. त्यातले तिघे स्वतः दावेदार होते. वरच्या समितीच्या बैठकीत ते तिन्ही जबाब बाजूला ठेवले गेले आणि मला पुन्हा डोंगर चढावा लागला. तेव्हापासून मी शेजारच्या वाड्यावरच्या आणि खालच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब घेते. खालच्या गावातला मराठा, कुणबी किंवा महार समाजातला आजा जेव्हा सांगतो की ‘ह्येंच्या आज्याकडनं आमच्या घरात लोणी-तूप यायचं’, तेव्हा त्या जबाबाला वजन येतं.

साल कुणालाच आठवत नाही. म्हणून सालाऐवजी घटना विचारा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप डोंगरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला आठवतो. ‘भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालेलं का? पोरं किती होती?’ १९७२ चा दुष्काळ आठवतो. त्याच्या मागे जायचं तर १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, ते ‘राज गेलं’ म्हणून सांगतात. आता १९४० च्या आसपास जन्मलेल्या आज्ज्याला त्याच्या आज्ज्याबद्दल विचारा. तो कुठे जन्मला, त्याच्या म्हशी कुठल्या पाण्यावर जायच्या, त्याला कुठे माती दिली. दोन प्रश्नांत तुम्ही १९३० च्या मागे पोचता.

जबाब त्यांच्याच बोलीत लिहा. ‘हितंच’, ‘तितनं’, ‘आमचा पंजा’ (पणजोबा) असं म्हणाले तर तसंच. सरकारी मराठीत घोटून लिहिलेले दहा जबाब एकसारखे दिसतात आणि समितीला शंका येते, ती रास्तही असते. लिहून झाल्यावर पूर्ण वाचून दाखवा, अंगठा किंवा सही घ्या, वय, तारीख, दोन साक्षीदार लिहा. मोबाइलवर आवाजही नोंदवून ठेवा. तो दाव्याला लागला नाही तरी तुमच्या वाड्याला लागेल.

याच बैठकीत वंशावळ काढा. वंशावळही नियमात पुरावा आहे, पण तिचं एक तरी टोक जुन्या नोंदीतल्या नावाला जोडलेलं असावं लागतं. त्यासाठी पुढची पायरी.

पायरी तिसरी: दप्तरं धुंडाळा

दाव्यासोबत नियम १३ मधले किमान दोन पुरावे लागतात. मी म्हणते, चार जोडा. आणि इथे कोल्हापूरकरांना एक गोष्ट हाताशी आहे जी बऱ्याच जिल्ह्यांना नाही. नियम १३ मध्ये पूर्वीच्या संस्थानांनी ठेवलेले नकाशे, हक्कनोंदी, दिलेल्या सवलती आणि परवानग्या या पुरावा म्हणून स्पष्ट लिहिल्या आहेत. चंदगड सोडला तर आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग १९४९ पर्यंत संस्थानात होता. त्यात विशाळगड, बावडा, कागल अशा जहागिरी होत्या आणि त्यांची आपली दप्तरं होती. शाहूवाडीच्या बाजूचे बरेच वाडे विशाळगड जहागिरीत, गगनबावड्याचे बावडा जहागिरीत पडायचे. राधानगरी-दाजीपूरचं जंगल तर संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं, त्यामुळे तिथे कोण राहतं, कोण गुरं चारतं याकडे दरबारचं लक्ष असायचं.

ही संस्थानी कागदपत्रं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जाऊन मागता येतात. बरेचसे कागद मोडीत आहेत. मोडी वाचता येत नाही म्हणून मागे फिरू नका, कोल्हापुरात मोडी जाणणारी माणसं अजून आहेत. जाताना गावाचं जुनं नाव, पेट्याचं किंवा जहागिरीचं नाव आणि वंशावळीतली सर्वात जुनी तीन-चार नावं घेऊन जा. ‘आमच्या वाड्याचे कागद द्या’ असं म्हटलं तर कुणालाच काही देता येत नाही. चराईची फी, वनचराई, गुरांची मोजणी, जंगल कामगार, शिकारीचा बंदोबस्त अशा विषयांनी शोधा. एक ओळ सापडली तरी तिची प्रमाणित नक्कल आणि देवनागरी लिप्यंतर दोन्ही घ्या.

दुसरं ठिकाण तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. तिथे गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना १४, मिळू शकते. त्यात नाव, जात आणि वाडीचं नाव असतं. १९३० च्या आधीची एक जन्मनोंद सापडली तर तुमच्या वंशावळीला खुंटी मिळाली. भूमी अभिलेख कार्यालयात जुनी मोजणी, आकारफोड, कडई पत्रक असे जमिनीचे जुने कागद बघा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा खालच्या गावातल्या जुन्या मराठी शाळेतून काढा. वाड्यावर शाळा नव्हती तेव्हा एखादा मुलगा खाली शिकायला गेला असेल.

वनखात्याकडे जुन्या चराई पावत्या, कार्य आयोजना (जंगलाच्या व्यवस्थापनाचे खात्याचे आराखडे), आणि हो, दंडाच्या पावत्यासुद्धा. लोक दंडाची पावती लपवतात, चुलीत घालतात. १९८० सालची ‘अतिक्रमण केल्याबद्दल दंड’ अशी पावती म्हणजे तुम्ही १९८० मध्ये त्या जागेवर होता याचा सरकारने स्वतः लिहून दिलेला पुरावा. २०१२ च्या सुधारित नियमांत म्हटलं आहे की दंडाच्या पावत्या, अतिक्रमणाच्या याद्या किंवा गुन्हा नोंदी एवढ्याच आधारावर दावा नामंजूर करता येणार नाही. त्याच नियमांत हेही आहे की उपग्रह छायाचित्रं बाकी पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येतील, त्यांच्या जागी नाही. दाट झाडीतला नाचणीचा तुकडा उपग्रहाला दिसत नाही म्हणून दावा फेटाळला तर हा नियम पुढे ठेवा.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर, म्हणजे तपशीलवार नकाशावर, आपल्या डोंगरात ‘धनगरवाडा’ असं छापलेलं सापडतं. १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियरही नियमाप्रमाणे पुरावा म्हणून चालतं, पण ते जिल्ह्याबद्दल सांगतं, तुमच्या वाड्याबद्दल नाही. त्यामुळे त्यावर एकट्यावर विसंबू नका. घरफाळ्याच्या पावत्या, रेशनकार्ड, जुन्या मतदार याद्या २००५ च्या ताब्यासाठी उपयोगी पडतात.

आणि जमिनीवरचे पुरावे. दगडी बांध, पाण्याचा झरा बांधून काढलेला, पूर्वजांच्या समाध्या, देवाचं ठिकाण, देवराई. प्रत्येकाचा फोटो, जीपीएस बिंदू, आणि त्या ठिकाणी एक म्हातारं माणूस उभं. फोटोत माणूस असला की तो दगड कुणाचा ते कळतं.

ग्रामसभा किंवा वनहक्क समितीने लेखी मागणी केली तर संबंधित कार्यालयांनी माहिती आणि कागदाची प्रमाणित प्रत द्यायची आहे, असं नियम १२ सांगतो. एकट्याने चकरा मारण्याआधी समितीच्या लेटरहेडवर अर्ज करा. पोच घ्या. आवक नंबर नसलेला अर्ज दिला नाही असंच धरा.

पायरी चौथी: ग्रामसभा

दावा कलेक्टरकडे करायचा नसतो, ग्रामसभेकडे करायचा असतो. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते, त्यात किमान एक तृतीयांश महिला. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला, आणि दाव्यांवर ठराव करताना निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी. ही संख्या भरली नाही तर वर गेल्यावर ठराव तिथेच गळतो.

अडचण अशी की वाडा आठ घरांचा आणि महसुली गाव आठशे घरांचं. खालच्या गावाला वाड्याच्या दाव्यात रस नसतो, कधी कधी चराईवरून भांडणही असतं. २०१२ च्या नियम २अ मध्ये वाड्या, पाडे, नोंद नसलेल्या वस्त्या यांची यादी करून त्यांच्या ग्रामसभा मान्य करून घेण्याची पद्धत दिली आहे. तो प्रस्ताव आधी टाका. वेळ लागतो, पण वाड्याची स्वतःची ग्रामसभा झाली की पुढचं सगळं हलकं होतं. तोवर खालच्या गावच्या ग्रामसभेतच जायचं असेल तर आठवडाभर आधी घरोघर जाऊन सांगा की यात तुमची जमीन जात नाही. गणपूर्तीसाठी बायकांना आणायचं तर सभा दूध घालायच्या वेळेत ठेवू नका.

इतिवृत्तात प्रत्येक दावेदाराचं नाव, क्षेत्र, पुराव्यांची यादी आणि निर्णय वेगळा लिहा. ‘सर्व दावे मंजूर’ अशी एक ओळ लिहिलेले ठराव मी परत येताना पाहिले आहेत.

पायरी पाचवी: अर्ज एक नाही, दोन-तीन भरा

माझं सगळ्यात ठाम म्हणणं इथे आहे. बहुतेक ठिकाणी लोक फक्त प्रपत्र ‘अ’ भरतात, घर आणि शेताचा वैयक्तिक दावा. त्यातून २० गुंठे, एकरभर मिळतं. पण गवळी धनगराचं पोट २० गुंठ्यांवर कधीच नव्हतं. ते म्हशीवर होतं, आणि म्हैस जगते कुरणावर, सड्यावरच्या गवतावर, उन्हाळ्यातल्या पाण्यावर, आणि तिथे जाणाऱ्या वाटेवर. पट्टा मिळाला आणि कुरणाला कुंपण पडलं तर तो माणूस कागदासकट खाली उतरतो आणि एमआयडीसीत हेल्परला लागतो.

म्हणून प्रपत्र ‘ब’ भरा. त्यात चराई, पाणवठे, मासेमारी, गौण वनोपज असे सामूहिक हक्क येतात. कायद्याच्या कलम ३ मध्ये भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापराचा हक्क नावानिशी आहे. आपल्याकडे हिरडा, शिकेकाई, मध, करवंदं, जांभळं गोळा करतात, तेही लिहा. आणि प्रपत्र ‘क’ भरा, सामूहिक वनसंसाधनाचा. त्याने ते जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला आणि २०११ पासून गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. आपल्याकडे बांबूपेक्षा गवत आणि पाणी महत्त्वाचं, पण कायदा तोच.

सामूहिक दाव्याचा नकाशा वाड्यावरच्या अंगणात काढा. रांगोळी, कोळसा, दगड काहीही चालेल. बायकांना आणि गुराख्यांना बोलवा, कारण पाणी आणि लाकूडफाटा बायकांना माहीत, चराईच्या वाटा गुराख्यांना. आधी देवराई मांडा, मग झरे, मग कुरणं, मग वाटा. मग चतुःसीमा चालत जाऊन जीपीएसवर घ्या. सीमेवर दुसऱ्या गावाचा किंवा वाड्याचा दावा येत असेल तर दोन्ही वनहक्क समित्यांची एकत्र बैठक घ्यायची असते. ती कागद वर जाण्यापूर्वीच घ्या. कुरणं बहुतेक ठिकाणी दोन-तीन वाडे मिळून वापरतात. ‘सामायिक’ असं लिहायला लाजू नका. तेच खरं आहे आणि कायद्याला ते चालतं.

याशिवाय कलम ३(२). शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, वीजवाहिनी, रस्ता यांसाठी प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. ‘जागा फॉरेस्टची, रस्ता होत नाही’ याला हे उत्तर आहे. वाड्याच्या रस्त्यासाठी वेगळा ठराव करून ठेवा.

पायरी सहावी: जागेवरची पाहणी

समितीने दावेदाराला आणि वनखात्याला आधी लेखी कळवायचं असतं. वन आणि महसूल अधिकाऱ्यांनी हजर राहून पद आणि तारखेसह सही करायची असते. ते आले नाहीत आणि नंतर हरकत घेतली, तर त्यांना आणखी एक संधी मिळते. तेव्हाही आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून पत्राची पोच जपा.

पशुपालकांच्या हक्काची पाहणी ते लोक जागेवर असतील तेव्हाच करायची, असं नियम १२ मध्ये आहे. काही वाडे उन्हाळ्यात गुरं घेऊन दुसऱ्या पाण्यावर जातात. त्या दिवसांत पाहणी ठेवली आणि ‘वस्ती आढळली नाही’ असा शेरा पडला तर तो पुसायला वर्षं जातात. तारीख तुम्ही सुचवा. पावसाळा संपल्यावर, नाचणी उभी असताना, म्हशी वाड्यावर असताना.

पाहणीला एक शिकलेलं माणूस फक्त लिहायला ठेवा. आणि पडीक ठेवलेले तुकडेही दाखवा. तीन वर्षं नाचणी, मग विश्रांती ही आपली पद्धत आहे. बांध दाखवले की विश्रांतीतली जमीन कळते.

पायरी सातवी: प्रांत, कलेक्टर आणि नामंजुरी

ग्रामसभेचा ठराव प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीकडे जातो, तिथून कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे. त्रुटी असेल तर समितीने दावा फेटाळण्याऐवजी ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवायचा असतो. नामंजूर केला तर सविस्तर कारणं लिहायची आणि दावेदाराला स्वतः कळवायचं. त्यानंतर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. उशिराचं कारण योग्य असेल तर समिती आणखी ३० दिवस देऊ शकते. नामंजुरीचं पत्र ग्रामपंचायतीच्या कपाटात तीन महिने पडून राहिलेलं मी पाहिलंय. दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारा.

नामंजुरी हलक्यात घेऊ नका. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला तो स्थगित झाला, कारण फेटाळताना नीट प्रक्रिया झाली होती का हाच प्रश्न पुढे आला. आपल्या फाइलमध्ये प्रत्येक टप्प्याची पोच असण्याचं कारण हे.

जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम असतो, त्यापुढे उच्च न्यायालय. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झालंय. शाहूवाडीहून एसटीने सकाळी येऊन संध्याकाळी म्हशीच्या धारेला परत जाता येतं, हा आपल्या लोकांसाठी केवढा फरक आहे.

या सगळ्या कामाला कुठेही फी नाही. अर्जाचे नमुनेही मोफत द्यायचे असतात. ‘हेक्टरी इतके द्या, पट्टा आणून देतो’ म्हणणारा माणूस वाड्यावर आला तर त्याला चहा द्या आणि कागद दाखवू नका. मूळ कागद कुणालाच देऊ नका, मलाही नाही. झेरॉक्स द्या.

पट्टा हातात आल्यावर

आधी नावं, क्षेत्र, चतुःसीमा आणि नकाशा जुळवा. मागितलं दीड एकर आणि आलं सात गुंठे, असं घडतं. कमी क्षेत्राविरुद्धही दाद मागता येते. नंतर महसूल आणि वन दोन्ही अभिलेखांत नोंद झाली का ते बघा. त्याला नियमाने जास्तीत जास्त तीन महिने आहेत. नोंद न झालेला पट्टा घेऊन सोसायटीत पीककर्ज मागायला गेलं तर सचिव मान हलवतो.

सामूहिक हक्क मिळाला तर ग्रामसभेने व्यवस्थापनाची समिती करायची आणि आराखडा लिहायचा: कुठलं कुरण कधी बंद, वणवा लागला तर कोण जाणार, झऱ्यावर गुरं कुठल्या बाजूने उतरवायची. वाड्यावरची माणसं हे सगळं आधीपासून पाळतात, फक्त लिहिलेलं नसतं. पहिल्या आराखड्याला दोन संध्याकाळी पुरतात. आमच्याकडे तो शाळेच्या वहीत लिहिला, माझ्या चुलत आज्जीने सांगितला आणि सातवीतल्या तिच्या पणतीने उतरवून घेतला. आता त्या वहीची एक प्रत वनरक्षकाकडे आहे आणि एक वाड्यावर, देवाच्या कोनाड्यात.